लढाई दूरची, लाकूड आपलं

 

आजचा विषय आहे लढाई आणि जंगल. काही जणी म्हणतील, लढाई होते हद्दीवर आणि आपण जातो रानात सरपणाला, या दोन्हींचा मेळ कसा घालायचा? आम्हालाही आधी असंच वाटलं होतं. पण आपल्या भिवंडी-कल्याणचा जुना इतिहास थोडा चाळला, आणि दिसलं की गेल्या साडेतीनशे वर्षांत जी जी मोठी लढाई झाली तिचं काही ना काही ओझं आपल्या रानाने उचललं आहे. गोळी इथे फार थोड्या वेळा सुटली. कुऱ्हाड मात्र दर वेळी चालली.

सुरुवात खाडीपासून करू. भिवंडी म्हटलं की आज यंत्रमागाचा खडखडाट आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंची गोदामं डोळ्यांपुढे येतात. पण एकेकाळी हे बंदर होतं. १६५७ च्या ऑक्टोबरात, दिवाळीच्या सुमारास, शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी आदिलशाहीकडून घेतली आणि या खाडीत गलबतं बांधायला काढली. स्वराज्याच्या आरमाराची सुरुवात इथली. वसईकडचे पोर्तुगीज कारागीर काही काळ कामाला होते, नंतर पोर्तुगीजांनी त्यांना परत बोलावून घेतलं. आता गलबत म्हणजे काय? पाण्यावर उभं केलेलं लाकूड. तळाला, फळ्यांना साग लागतो, डोलकाठीला उंच सरळ झाड लागतं. खाडीच्या वरच्या अंगाला सागाचं रान होतं, आणि तोडलेला सोट ओढत आणण्यापेक्षा पाण्यातून आणणं सोपं. कल्याण-भिवंडीला लढाईच्या हिशेबात मोल होतं त्यात हेही एक कारण होतं असं आम्हाला वाटतं.

याबद्दल एक फार मोलाचा कागद मागे राहिला आहे. रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला 'आज्ञापत्र' लिहिलं. त्यात आरमारासाठी लाकूड कसं घ्यावं हे सांगितलं आहे. साग वगैरे लागेल तो राज्यातल्या रानातून परवानगीने तोडावा, कमी पडला तर बाहेरून विकत आणावा. आंबा-फणसाची झाडंही आरमाराच्या कामाची, पण त्यांना हात लावू नये, कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती पोटच्या पोरासारखी वाढवलेली असतात. एखादं झाड फारच जीर्ण झालं असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन तोडावं.

हे वाचून बरं वाटतं. पण आम्ही गटाच्या मीटिंगची प्रोसिडिंग लिहिणाऱ्या बायका. ठराव कधी करावा लागतो हे आम्हाला ठाऊक आहे. 'कुणाच्या आंब्याला हात लावू नका' असं लिहून ठेवावं लागलं, त्या अर्थी कुणी ना कुणी हात लावत असणार. हुकूम सगळीकडे पाळला गेला की नाही हे त्या हुकुमावरून कळत नाही. इतकं मात्र कळतं, की लढाईचं लाकूड कोणाच्या दारातून येतं याची जाण राज्य चालवणाऱ्याला होती, आणि झाडाला धनी आहे हे तो मानत होता. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्याच ग्रंथात याच्या उलट बाजूचीही एक गोष्ट आहे. गडाच्या भोवतीची झाडी मुद्दाम वाढवावी, तिथली काठीही तोडू देऊ नये, कारण अडचणीच्या वेळी तेच रान गडाची राखण करतं. म्हणजे लढाई रान खाते, तशी कधी कधी राखतेही. आपल्या शहापूरचा माहुली किल्ला बघा. १६३६ मध्ये शहाजीराजे निजामशाहीच्या शेवटच्या झुंजीत याच माहुलीच्या आसऱ्याला आले होते. त्या डोंगराचं रान आज तानसा अभयारण्यात मोडतं. ते फक्त किल्ल्यामुळे टिकलं असं आम्ही म्हणणार नाही, त्यात मुंबईच्या पाण्याचाही हात आहे. त्याकडे नंतर येऊ.

मराठ्यांनंतर इंग्रज आले. त्यांचा बेत मोठा होता. इंग्लंडात लढाऊ जहाजं ओकच्या लाकडाची होत. फ्रान्सच्या नेपोलियनशी वर्षानुवर्षं लढाई चालली तेव्हा ओक पुरेना. मग नजर गेली आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या सागाकडे, मुख्यतः मलबारच्या. १८०६ च्या सुमारास तिकडे वॉटसन नावाचा कॅप्टन जंगलावर नेमला गेला. या देशात जंगलावर बसलेला इंग्रजांचा पहिला साहेब तोच. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या पारशी कारागिरांनी त्या सागाची एकाहून एक जहाजं बांधली. १८१७ साली मुंबईत बांधलेलं 'त्रिंकोमाली' आजही इंग्लंडच्या हार्टलपूल बंदरात तरंगतं आहे, लोक तिकीट काढून बघतात. मुंबईच्या गोदीतलंच दुसरं एक जहाज, 'कॉर्नवॉलिस', चीनवरच्या अफूच्या लढाईत होतं आणि १८४२ चा तह त्याच्यावरच झाला. साग इथला, कारागीर इथले, आणि चीनचा पराभव. सागाच्या टिकाऊपणाचं कौतुक करताना घशात काहीतरी अडकतं ते यामुळे.

मलबारचं रान विरळ झालं तसा सरकारचा हात वर कोकणाकडे सरकला. जहाजांनंतर रेल्वे आली. १८५३ ला मुंबई-ठाणे, १८५४ ला कल्याणपर्यंत, मग घाट. रुळाखालचे स्लीपर लाकडाचे. रेल्वे माल नेई, माणसं नेई, आणि १८५७ चं बंड झाल्यावर सरकारला पटलं की ती फौजही झपाट्याने नेते. त्याच बंडानंतर उत्तरेकडून विणकर कुटुंबं जीव वाचवून दक्षिणेकडे निघाली. त्यातली कितीतरी मालेगावला आणि आपल्या भिवंडीला स्थिरावली. म्हणजे भिवंडीचा माग हाही एका लढाईनेच इथे आणून सोडलेला.

१८७८ चा जंगल कायदा आला आणि 'राखीव जंगल' हा शब्द आपल्या बोलीत शिरला. राखीव या शब्दाने फसायला होतं. आपण समजतो की झाडं राखली. कागदावर अर्थ असा, की झाडं सरकारच्या कामासाठी ठेवली. आपल्या आज्या-पणज्यांना पहिला फटका बसला तो राबाला. भाताची रोपं करण्याआधी वाफ्यावर पाला, फांद्या, शेण, गवत पसरून भाजायचं, हा आपल्या ठाणे-रायगडच्या भातशेतीचा पायाच. राबासाठी झाडाच्या फांद्या छाटल्या की गुन्हा झाला. एवढी ओरड झाली की सरकारला १८८५ मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांच्या जंगल तक्रारींसाठी चौकशी मंडळ नेमावं लागलं, १८८७ मध्ये त्याचा अहवाल आला. आमच्या एका गटातल्या आजी म्हणतात ते बरोबर आहे, 'कोयता तोच, हात तोच, फक्त जागा चोरीची झाली.'

पहिल्या महायुद्धात इथलं लाकूड आणखी लांब गेलं. इराकच्या लढाईत धक्के, पूल, रेल्वे, छावण्या बांधायला हिंदुस्थानातून लाकडाच्या बोटी भरून गेल्या. तो भाग इथेच सोडतो, कारण आपल्या भागावर खरा घाव बसला तो दुसऱ्या महायुद्धात, आणि त्या काळातली काही माणसं अजून आपल्यात आहेत.

१९३९ ते १९४५. लढाई चालली होती युरोपात, आफ्रिकेत, ब्रह्मदेशात. आपल्याकडे काय झालं? सरकारने दिल्लीत लाकडासाठी वेगळं खातं उघडलं आणि प्रत्येक प्रांताकडून माल मागितला. स्लीपर, खोकी, तंबूचे खांब, बराकींचे वासे. लाकडाचा भाव चढला. जंगलाचे कूप लिलावाने घेणारे ठेकेदार गबर झाले. दुसरीकडे पेट्रोलवर रेशन आलं. मग बस आणि ट्रकच्या मागे शेगडीसारखी मोठी टाकी बसवून लाकडी कोळशाच्या गॅसवर गाड्या चालवायला लागले. जुन्या माणसांनी अशा गाड्या पाहिल्या आहेत. चढावर थांबायची, मग क्लीनर उतरून कोळसा ढोसायचा. मुंबईच्या घराघरांतल्या शेगड्यांना कोळसा लागायचाच, आता गाड्यांनाही लागला.

हा कोळसा कुठून येतो हे आपल्या कातकरी बहिणींना विचारा. ठाणे-रायगडात कोळशाची भट्टी म्हटली की कातकरी. मुळात हे लोक खैरापासून कात पाडणारे, नावच त्यावरून पडलं. जंगल कायद्याने खैर हातचा गेला आणि ते ठेकेदाराच्या भट्टीवर आले. पावसाळ्यात घरात दाणा नसताना उचल घ्यायची आणि दिवाळीनंतर ठेकेदार सांगेल त्या रानात अख्खं बिऱ्हाड न्यायचं. लाकूड तोडायचं, रचायचं, पाल्याने-मातीने लिंपायचं, आग आतल्या आत धुमसत राहावी म्हणून रात्र-रात्र जागायचं. भट्टीला भोक पडलं की सगळा माल राख. मग कोळसा काढायचा, विझवायचा, पोती भरायची. यातलं बाईच्या वाट्याला न आलेलं काम एकही नाही, पण हिशेब नवऱ्याच्या नावावर. आणि एक किलो कोळशाला लाकूड लागतं चार ते पाच किलो. म्हणजे एक पोतं गावाबाहेर गेलं की रानातून चार-पाच पोत्यांच्या वजनाचं झाड गेलं. पावसाच्या आधी बिऱ्हाड परत. हातात काही नाही, उचल फिटलेली नाही, पुढच्या वर्षी रान वेगळं.

उत्तरेकडे डहाणू, तलासरी, उंबरगावच्या वारली पाड्यांवर हीच गोष्ट वेगळ्या तऱ्हेची. तिथे जमीनदार, सावकार आणि जंगल ठेकेदार बहुधा एकाच घरातले. लग्नाला कर्ज घेतलं की जोडपं जन्मभराचं गडी, त्याला 'लग्नगडी' म्हणत. वेठ वेगळी. लढाईने लाकडाचा आणि धान्याचा भाव वाढवला, मजुरी होती तिथेच. १९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. टिटवाळा इथून काय लांब आहे! तिथे काही वारली आले होते. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर मग त्या भागात गेले. मे महिन्यात झरी गावी हजारो वारली जमले आणि वेठ व लग्नगडी बंद म्हणून ठरवलं. पाठोपाठ गवतकापणीचा संप झाला. पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये, ही मागणी. ऑक्टोबरात तलासरीला जमावावर गोळीबार झाला, पाच माणसं गेली. पुढच्या वर्षी जंगलकामाचा संप, आणि रोजाला सवा रुपयाचा दर. गोदावरीबाईंनी हे सगळं 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिलं आहे. गावच्या वाचनालयात असेल तर गटाने मिळून वाचा.

आता यात एक गोष्ट आम्हाला टोचते, ती बोलून टाकतो. संपाने मजुरी वाढली, माणूस उभा राहिला, हे फार मोठं. पण झाड कोणाचं, हा प्रश्न तेव्हा सुटला नाही. कूप ठेकेदाराचाच राहिला. पोटाला भाकरी नसताना झाडाचं कोण बोलणार, हेही खरं.

लढाई संपली १९४५ ला. रानाला विसावा मिळाला नाही. कल्याणजवळ सरकारने लढाईच्या काळात सैन्याची मोठी छावणी बांधली होती, दोन हजारांवर बराकी. सैन्य निघून गेलं आणि दोन वर्षांत देशाची फाळणी झाली. सिंधमधून घरदार सोडून आलेली माणसं बोटीने, रेल्वेने मुंबईला उतरली आणि त्यातल्या सुमारे एक लाख माणसांना त्या रिकाम्या बराकींत ठेवलं. १९४९ च्या ८ ऑगस्टला त्या वस्तीला उल्हासनगर नाव मिळालं. जुनी माणसं अजून 'कॅम्प एक, कॅम्प दोन' असंच म्हणतात.

विचार करा, एका बराकीत पडदे लावून चार-चार कुटुंबं. ती बाई सकाळी उठली की पहिली गोष्ट काय शोधेल? चुलीत घालायला काहीतरी. आमच्या गटाच्या वहीच्या पद्धतीने आम्ही एक हिशेब मांडला. हा आमचा अंदाज आहे, सरकारी आकडा नव्हे. माणशी दिवसाला किलोभर सरपण लागतं असं आपण धरतो. काहींना दगडी कोळसा, रॉकेल मिळत असेल म्हणून अर्धाच किलो धरू. एक लाख माणसं गुणिले अर्धा किलो, म्हणजे रोजचं पन्नास हजार किलो. पंचवीस किलोची मोळी धरली तर रोजच्या दोन हजार मोळ्या. यातलं किती वखारीतून आलं, किती कुठल्या रानातून, ते सांगता येणार नाही. पण वखारीतलंही कुठल्यातरी रानातलंच. आणि मोळी विकून मीठ-मिरची आणणाऱ्या आपल्या भागातल्या आदिवासी बाईला तेव्हा गिऱ्हाईक मिळालं असणार. एक बाई घर गमावून आलेली, दुसरी रान गमावत चाललेली, आणि दोघींची भेट एका मोळीच्या सौद्यात. त्यातल्या कुणाला बोल लावायचा? आम्हाला तरी लावता येत नाही.

हेच अलीकडे बांगलादेशात झालं. २०१७ च्या ऑगस्टनंतर म्यानमारमधून सात लाखांवर रोहिंग्या माणसं पळून कॉक्स बाजारच्या टेकड्यांवर आली. काही महिन्यांत टेकड्या बोडक्या झाल्या, लोक मुळंसुद्धा उकरून जाळू लागले. ती वाट हत्तींची होती. हत्ती नेहमीच्या रस्त्याने आले आणि मध्ये वस्ती. माणसं मेली. मग दोन गोष्टी केल्या गेल्या. वस्तीतल्याच माणसांची पथकं करून, मचाणावर बसवून, हत्ती आला की माणसांना बाजूला करून त्याला वाट द्यायला शिकवलं. आणि २०१८ पासून घरोघरी गॅसची टाकी दिली. सरपणाची मागणी घटली, टेकड्यांवर पुन्हा झाडं लावता आली. पळून आलेल्या माणसाला आसरा दिला आणि सरपण दिलं नाही, तर तो आसरा शेजारच्या रानाच्या खर्चाने दिलेला असतो.

जनावरांचं काय झालं? १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये आपल्या जिल्ह्यात वाघ असल्याचं लिहिलं आहे. आज वाघ नाही, बिबट्या आहे. वाघबारसीला पाड्यांवर वाघोबाला नारळ फुटतो. लाकडावर-दगडावर कोरलेला वाघ आपल्या जागी आहे, रानातला गेला. तो एका लढाईने गेला असं नाही. पण लढाईनंतरच्या वर्षांत बंदुका आणि जीपगाड्या सहज मिळू लागल्या आणि रात्री दिव्याच्या झोतात शिकार करणं सोपं झालं, हे देशभरात झालं. देशातले शेवटचे तीन चित्ते १९४७ मध्ये आजच्या छत्तीसगडमधल्या कोरियाच्या राजाने असेच रात्री, गाडीच्या उजेडात मारले.

आफ्रिकेतल्या मोझांबिक देशाची गोष्ट तर आपल्या बायकांनी ऐकावी अशी आहे. तिथे १९७७ ते १९९२ यादवी झाली. दोन्हीकडच्या फौजांनी गोरोंगोसाच्या रानातले हत्ती मांसासाठी आणि सुळ्यांसाठी मारले. दहातले नऊ हत्ती गेले. वाचल्या त्यात बिनसुळ्याच्या हत्तिणी जास्त, कारण त्यांना मारून फायदा नव्हता. शास्त्रज्ञांनी पाहिलं तर आधी शंभरातल्या अठरा-एकोणीस हत्तिणी बिनसुळ्याच्या होत्या, लढाईनंतर निम्म्या. आणि त्यांच्या लेकीही तशाच जन्माला येत आहेत. शांतता होऊन तीस वर्षं झाली, लढाई अजून लेकींच्या तोंडावर दिसते.

आपल्या महाराष्ट्रात आजच्या काळात बंदूक आणि जंगल यांची गाठ पडली ती गडचिरोलीत. १९८० च्या सुमारास नक्षलवादी तिथे शिरले. पहिल्यांदा त्यांनी बोट ठेवलं ते तेंदूपत्त्याच्या आणि बांबूच्या मजुरीवर. वारली पाड्यांवरची दुखरी नस तीच होती, नाही का? पण तिथे पुढे बंदूक राहिली. एका बाजूला त्यांची, दुसऱ्या बाजूला पोलिसांची, आणि मध्ये मोह वेचायला पहाटे रानात जाणारी माडिया-गोंड बाई. खबरी म्हणून मारलेली माणसं, चकमकीत सापडलेली माणसं. वनरक्षकही आत जायला भ्यायचे. इंद्रावती नदीपलीकडे छत्तीसगडात वाघांसाठी राखलेलं मोठं रान आहे, तिथे वर्षानुवर्षं वाघांची धड मोजणी होऊ शकली नाही. २००५ पासून तिकडे सलवा जुडूममध्ये सहाशेच्या वर गावं रिकामी झाली. काही माणसं छावण्यांत, काही आंध्रच्या खम्मम भागात पळाली. पळालेल्यांनी पोटासाठी तिथलं राखीव रान तोडून शेत केलं, तिथल्या वनखात्याने झोपड्या पाडल्या. २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने आदिवासी पोरांच्या हाती बंदुका देणं थांबवायला सांगितलं.

काही जण म्हणतात, बंदुकीच्या भीतीने तरी गडचिरोलीचं रान वाचलं, ठेकेदार आत गेला नाही. यात थोडं तथ्य आहे. सिरोंचा भागात कोलामार्काला थोड्या रानम्हशी अजून उरल्या आहेत, २०१३ मध्ये ती जागा त्यांच्यासाठी राखली गेली. पण भीतीने राखलेलं रान भीती संपली की उघडं पडतं. एटापल्लीच्या सुरजागड डोंगरावर लोखंडाच्या खाणीचं काम २०१६ च्या शेवटी गाड्या जाळल्यामुळे बंद पडलं होतं, आता तिथून ट्रकमागून ट्रक निघतात. दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबियात २०१६ ला बंडखोरांशी तह झाला आणि पुढच्याच वर्षी जंगलतोड वाढली.

त्याच गडचिरोलीत धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) आहे. २००९ मध्ये त्या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, देशात अगदी पहिल्यांत. २०११ पासून ग्रामसभा स्वतःच्या सहीने बांबू विकते. बांबू किती तोडायचा, कुठला सोडायचा हे सभा ठरवते. बंदुकांच्या मधोमध राहून त्यांनी हे केलं. झाडाला धनी आहे, आणि त्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, हे जे आज्ञापत्रात आंब्या-फणसाबद्दल होतं ते तिथे अख्ख्या रानाबद्दल झालं.

तानशाचं राहिलं. १८९२ मध्ये मुंबईला पाणी द्यायला तानसा धरण पुरं झालं आणि पाण्यासाठी भोवतीचं रान जपलं गेलं. त्या रानात २०१४ मध्ये रानपिंगळा दिसला. हे छोटंसं घुबड शंभर वर्षांहून जास्त काळ कुणाला दिसलं नव्हतं, नामशेष झालं असं धरून चालले होते. १९९७ मध्ये ते शहाद्याजवळ सापडलं, आणि मग आपल्याकडे. शहराला पाणी हवं म्हणून रान राखता येतं, हे तानशाने दाखवलं. त्या रानाच्या काठावरच्या पाड्यांच्या हक्काचं काय, हा प्रश्न मात्र उरतो.

इथे आमचं खरं काम सुरू होतं. वनहक्क कायदा २००६ चा. आदिवासी कुटुंबाने १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसत असल्याचं दाखवायचं. इतर जंगलवासीयांनी त्याआधीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं. मागे मोजा, १९३० पर्यंत जातो. म्हणजे लढाईची ती सगळी वर्षं यातच आली. आणि ज्यांची बिऱ्हाडं ठेकेदाराने या रानातून त्या रानात फिरवली, त्या कातकरी कुटुंबांकडे सात-बारा कुठून असणार? कित्येकांच्या वाडीची जागासुद्धा दुसऱ्याच्या नावावर आहे. दाव्याला किमान दोन पुरावे लागतात. त्यात नियमाने धरलेला एक पुरावा आहे गावातल्या वयस्क माणसाचं लेखी लिहून घेतलेलं सांगणं. दावा करणारा सोडून दुसऱ्या वडीलधाऱ्याचं. देवाची जागा, स्मशान, गुरं चारायची जागा, कंदमुळं आणायची जागा, हेही सामूहिक दाव्यात चालतं. वनहक्क समितीत किमान एक तृतीयांश बायका असाव्या लागतात, हेही विसरू नका.

म्हणून पुढच्या बैठकीसाठी एक विनंती. तुमच्या गावात, पाड्यात ऐंशीच्या पुढच्या आजी-आजोबा असतील तर त्यांच्याजवळ बसा. भट्टी कुठे लागायची, कूप कुणी घेतला होता, कॅम्पला मोळी घेऊन कोण जायचं, राब कुठून आणायचे, कुठल्या झाडाखाली देव होता, वाघ शेवटचा कधी ऐकला, हे विचारा. 'भट्टीचा माळ', 'पलटणीचं मैदान' अशी जागांची नावं असतील तर ती जशीच्या तशी लिहा, शुद्ध करू नका. वर सांगणाऱ्याचं नाव, अंदाजे वय आणि तारीख घाला, खाली अंगठा किंवा सही घ्या आणि दोन साक्षीदारांची नावं टाका. एक प्रत ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे द्या, एक गटाच्या कपाटात ठेवा. ज्यांना लिहिणं जड जातं त्यांनी मोबाइलवर बोलणं भरून आणा, आम्ही बैठकीत बसून उतरवून देऊ. पावसाच्या आधी करा, लावणी लागली की कुणी हाताला लागत नाही.